शेजारी टॉवर, आवारात विस्तार: मुंबईतल्या चर्चच्या बांधकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिव्हिल इंजिनिअर, आता निवृत्त. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बांधकाम समितीत बरीच वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक कुंपणाच्या पलीकडे काय चाललंय ते बघण्यात गेली. इतर धर्मग्रामांतून फोन येतात, मेसेज येतात. प्रश्न तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती आहेत. वसईकरांसाठी शेवटचा प्रश्न.

१. आम्ही फक्त मागच्या बाजूला थोडी जागा वाढवतोय. याला 'विस्तार' म्हणायचं का?

भिंत फोडून आतली बसायची जागा वाढवताय, पोटमाळ्यावर गायनमंडळासाठी स्लॅब टाकताय, पोर्च बंद करून आत घेताय, तर होय, हा विस्तार आहे आणि नकाशा पास करून घ्यावा लागतो. कौलं बदलणं, गिलावा, रंग, फरशी ही दुरुस्ती. पावसाळी शेड हा तिसरा प्रकार. ती तात्पुरत्या परवानगीवर उभी राहते आणि पावसाळा संपला की काढायची असते. आपल्याकडे ती काढली जात नाही. पाच वर्षांनी तिला बाजूच्या भिंती येतात, दहा वर्षांनी पंखे लागतात आणि मग कोणीतरी विचारतं, 'फादर, हे आता पक्कंच करून टाकू या का?' अशी शेड असेल तर विस्ताराचा अर्ज करायच्या आधी ती काढा. महापालिकेचा इंजिनिअर जागेवर आला की आधी तिच्यावरच बोट ठेवतो.

२. परवानग्या कोणाकोणाच्या लागतात?

घरातून सुरुवात करा. कॅथलिक चर्च असेल तर धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाची, लेखी संमती. नवं चर्च बिशपांच्या लेखी संमतीशिवाय बांधता येत नाही, हे कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) १२१५ मध्ये स्पष्ट आहे. मोठ्या विस्तारालाही धर्मप्रांत हीच शिस्त लावतात, आणि बांधकाम-दुरुस्तीत जाणकारांचा सल्ला घ्या असं कॅनन १२१६ सांगतो. धर्मग्रामाची फिनान्स कौन्सिल हवीच (कॅनन ५३७), आणि तिचा ठराव इतिवृत्तात असू द्या. तोंडी होकार चालत नाही. फादरांची बदली झाली की तो त्यांच्यासोबत जातो.

मग महापालिका: आर्किटेक्टमार्फत नकाशा, आयओडी (अटींसह नकाशाची मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याचा दाखला) आणि शेवटी ओसी (वापराचा दाखला). अग्निशमन दलाची एनओसी. झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर वृक्ष प्राधिकरण. कलिना, वाकोला, सहार या पट्ट्यात मनोरा उंच करायचा असेल तर विमानतळ प्राधिकरणाची उंचीची एनओसी, आणि उंची मोजताना वरचा क्रूसही मोजला जातो. समुद्राकाठी असाल तर सीआरझेडची (किनारपट्टीच्या नियमांखालची) परवानगी. वारसा यादीत असाल तर प्रश्न १५, कर्ज काढणार असाल तर प्रश्न १७.

शेजारच्या सोसायटीची संमती? आपल्या हद्दीत, नियमातलं अंतर सोडून बांधत असाल तर सहसा लागत नाही. तरी त्यांना आधी सांगा. पत्र्यामागून अचानक ब्रेकर सुरू झाला की चांगला शेजारीसुद्धा तक्रार करतो.

३. जागा चर्चचीच आहे, शंभर वर्षांपासून. मग कागद कशाला?

कारण शंभर वर्षांत कोणीच कागद पाहिलेला नसतो. प्रॉपर्टी कार्ड काढा, सगळे सीटीएस (नगर भूमापन) नंबर घ्या. चर्च, शाळा, फादरांचं घर आणि मैदान वेगवेगळ्या नंबरांवर असू शकतात. कार्डावर नाव कोणाचं आहे ते पाहा: ट्रस्टचं, धर्मप्रांताचं, की कुठल्या जुन्या 'व्हिकार'चं (धर्मगुरूचं). सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळ्यांनी जागा मंडळीच्या नावावर आहे की ट्रस्ट असोसिएशनच्या, हे आधी तपासावं. मग धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीशी कार्ड जुळवा. विश्वस्त बदलले असतील तर फेरफार अहवाल दिलेला असायला हवा. त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि ती हमखास चुकलेली असते.

त्यानंतर भूमी अभिलेख खात्याची मोजणी. शेजारचा बिल्डर आपली मोजणी करूनच येतो. त्याच्या मोजणीत तुमची कुंपणाची भिंत दोन फूट त्याच्या हद्दीत निघाली आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसलं, तर वाद तिथेच हरलात.

४. आवार एवढं मोठं आहे, तरी आर्किटेक्ट म्हणतो एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल याचं प्रमाण) शिल्लक नाही. असं कसं?

आवारात शाळा आहे ना? एकाच प्लॉटवर शाळा, हॉल, फादरांचं घर आणि चर्च असेल तर सगळ्यांनी एकाच ताटात जेवलेलं असतं. मूळ एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरांत १. त्यावरचा प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरित बांधकाम हक्क) आणून मिळतो, आणि तो किती मिळेल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. शाळेनं वाढीव मजले घेताना काय वापरलं, याची फाईल शाळेच्या कपाटात असेल, ती शोधा. विकास आराखड्यात मैदानावर आरक्षण आहे का, हेही पाहा. मुलं रोज खेळतात म्हणून ते मैदान तुम्हाला बांधायला मोकळं असतं असं नाही.

५. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. अजून काही सुरू झालेलं नाही. आत्ता काय करू?

मला येणाऱ्या प्रश्नांमधला हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो वेळेवर विचारणारे फार थोडे. बाकीचे पायलिंगचं (पायासाठी खोल खांब उतरवायचं) मशीन उभं राहिल्यावर फोन करतात.

जुनं चर्च म्हणजे बहुधा काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भारवाही भिंती, सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. पाया उथळ. आरसीसीच्या चौकटीसारखी ही इमारत बांधलेली नसते. वजनावर बसलेली असते. खालची माती हलली की ती हलते, आणि कंपनांनी वरची कौलं हळूहळू घसरतात. शेजारी दोन तळघरं खणणार असेल तर तो उपसणार असलेलं पाणी तुमच्या पायाखालचंही असतं. आवारात विहीर असेल तर आजच तिची पातळी लिहायला लागा. आठवड्याला एकदा, दोरीला दगड बांधून मोजली तरी चालेल. पुढे इंजिनिअरशी बोलताना ही वही तुमची साक्षीदार.

दुसरं, आहे त्या स्थितीची पाहणी. प्रत्येक भिंत, कमान, खिडकीचा कोपरा, मनोरा, फरशी यांचे तारीख असलेले फोटो. प्रत्येक जुन्या भेगेच्या दोन टोकांना पेन्सिलीनं खूण आणि तारीख. तिची रुंदी मोजून नोंद. भेगेवर प्लास्टरनं काचेची पट्टी चिकटवा. भेग हलली की काच तडकते. मनोऱ्याचा ओळंबा आणि फरशीची लेव्हल सर्व्हेयरकडून घ्या. ही पाहणी बिल्डरच्या इंजिनिअरसोबत करा आणि पानोपानी त्याची सही घ्या. तुमचे एकट्याचे फोटो उद्या 'तुमचे फोटो' ठरतात. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे तसंही करायचंच आहे; ते याच वेळी उरका.

तिसरं, माहिती. महारेराच्या (गृहप्रकल्पांवरच्या राज्य नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी आणि पूर्ण होण्याची तारीख दिसते. तळघरं किती आणि खोली किती, हे मंजूर नकाशावर कळतं. कोणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडून घ्या.

चौथं, पत्र. बिल्डरला लिहा: कंपनं मोजणारं यंत्र चर्चच्या भिंतीपाशी लावा, मर्यादा ठरवा, ओलांडली तर काम कोण थांबवणार त्याचं नाव द्या, आणि कंत्राटदाराच्या विमा पॉलिसीत त्रयस्थाच्या नुकसानीखाली चर्चची इमारत येते का ते दाखवा. मर्यादेसाठी इंजिनिअर बहुधा डीआयएन ४१५० या जर्मन मानकाकडे बोट दाखवतात. कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी साध्या घरांना सेकंदाला ५ मिलिमीटर, नाजूक वारसा इमारतींना ३. बिल्डर पाच म्हणेल. तुम्ही तीनला धरून बसा.

६. आमचा विस्तार आणि त्यांचा टॉवर एकाच वेळी येतोय. आम्ही आधी बांधावं की थांबावं?

थांबावं. त्यांची तळघरं खणून, भिंती बांधून, स्लॅब जमिनीपर्यंत वर येईतो तुमच्या आवारात पायासाठी कुदळ मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ऐकून समितीतली मंडळी माझ्यावर चिडतात हेही मला माहीत आहे.

एक कारण जमिनीचं. खोल खड्डा उघडा असतो आणि पाणी उपसलं जात असतं तेव्हाच आजूबाजूची माती सर्वांत जास्त सरकते. त्या काळात जुन्या भिंतीला नवी खोली जोडली तर दोन्ही वेगवेगळ्या गतीनं बसतात आणि सांधा उघडतो. त्यांचं तळघर एकदा बंद झालं की जमीन शांत होते.

दुसरं कारण पुराव्याचं, आणि तेच माझ्या लेखी मोठं. दोन्हीकडे खणणं चालू असताना वेदीमागे भेग पडली तर बिल्डरचा इंजिनिअर, त्याचा विमावाला, सगळे एकच वाक्य बोलतात: 'तुमच्याच कंत्राटदारामुळे.' ते खोटं आहे हे तुम्हाला दाखवता येत नाही, कारण तुम्हीही खणत होतात. एका धर्मग्रामात नेमकं हेच झालं. भेग होती हाताच्या बोटाएवढी. दोन्ही कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि दुरुस्तीचा खर्च शेवटी रविवारच्या पेटीतून गेला.

थांबणं म्हणजे बसून राहणं नव्हे. तेवढ्यात नकाशे, परवानग्या, वर्गणी, छताची दुरुस्ती, वायरिंग होऊ शकतं. फक्त सीसी काढण्याची घाई करू नका. ती वर्षभराची असते, मग नूतनीकरणाच्या फेऱ्या.

अपवाद दोन. शेजारचा प्रकल्प अडकलेला असेल, म्हणजे इमारत पाडलीय, रहिवासी भाड्यानं राहतायत आणि प्लॉटवर गवत उगवलंय, तर त्यांची वाट पाहू नका. मुंबईत अशी वाट दहा वर्षंही चालते. पण उघडा खड्डा तसाच सोडलेला असेल तर आधी महापालिकेला लेखी कळवा आणि आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. दुसरा अपवाद: तुमचा पाया त्यांच्यापेक्षा खोल जाणार असेल तर क्रम उलटू शकतो. चर्चच्या विस्तारात असं क्वचितच होतं.

७. भेगा पडल्या आहेत. काम थांबवता येईल का?

त्याच दिवशी तारखेसह फोटो, जुन्या नोंदींशी तुलना (प्रश्न ५), आणि तीन पत्रं: बिल्डर, त्याचा स्ट्रक्चरल सल्लागार, महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. आपल्या इंजिनिअरकडून एका ओळीचं मत घ्या: लोकांना आत बसू देणं सुरक्षित आहे की नाही. 'नाही' असेल तर मिस्सा (उपासना) हॉलमध्ये हलवा, तो भाग दोरीनं बंद करा आणि हेही पत्रात लिहा. शेजाऱ्याच्या जमिनीचा आधार २० वर्षं अखंड मिळत आला असेल तर तो आपल्या इमारतीचा हक्क होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ त्यासाठीच आहे. त्यावर वकील न्यायालयातून मनाई मागू शकतो. मेट्रो-३ च्या खोदकामाच्या वेळी फोर्टातल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटनं २०१७ मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली होती. तरी कोर्ट हा शेवटचा दरवाजा. नोंदी नीट असतील तर बिल्डर आधीच बोलायला येतो. थांबलेला दिवस त्याला महाग पडतो.

आणि हो, भेगा लगेच बुजवू नका. पाहुणे येणार म्हणून फेस्टच्या (चर्चच्या सणाच्या) आधी सिमेंट फासून रंग मारून टाकलेले मी पाहिले आहेत. पुरावाच पुसला.

८. बिल्डर म्हणतो चर्चची एनओसी द्या. द्यावी का?

आधी विचारा: कशाची? त्याला स्वतःच्या प्लॉटवर स्वतःच्या नकाशाप्रमाणे बांधायचं असेल तर तुमची एनओसी सहसा लागतच नाही. तरी मागतोय म्हणजे त्याला काहीतरी हवंय: सोडायच्या अंतरात सवलत, तुमच्या गल्लीतून रस्ता, सामायिक भिंत पाडायची, किंवा प्रश्न ९ मधलं काही. कागदावर 'आमची कोणतीही हरकत नाही' एवढंच असेल तर सही करू नका. नेमकं काय, किती दिवस, कशाच्या बदल्यात, नुकसान झालं तर कोण भरणार हे लिहा. आणि सही एकट्या फादरांनी करायची नाही. ज्यांच्या नावावर मालमत्ता आहे त्यांनी करायची.

९. त्यांच्या शोअर पायलिंगचे (खड्ड्याच्या कडेच्या आधारभिंतीचे) अँकर आमच्या आवाराखालून जाणार म्हणतात. वर क्रेनचा हातही फिरतोय. हे चालतं?

संमतीशिवाय नाही. खोल खड्ड्याची भिंत आत पडू नये म्हणून तिला तिरके अँकर मारतात. खडकात घुसलेल्या पोलादी तारा. त्यांचं टोक तुमच्या हद्दीत कित्येक मीटर आत येतं. वरून काहीच दिसत नाही. पण उद्या तुमच्या विस्ताराचे पाइल तिथेच उतरणार असतील तर ड्रिल थेट पोलादावर जातं. म्हणून विस्ताराचा नकाशा मनात असेल तरी आत्ताच बिल्डरला दाखवा, अँकरचा नकाशा मागा, आणि तळघर पूर्ण झाल्यावर तारांचा ताण सोडण्याची अट घाला. संमती ठरावीक मुदतीची, मोबदल्यासह, लेखी.

क्रेनचं सोपं: लोक आवारात असताना भार वरून न्यायचा नाही. रविवार, फेस्ट, अंत्यविधी आणि शाळा सुटायची वेळ यांची यादीच द्या.

१०. बिल्डर हॉल फुकट बांधून देतो म्हणतो, फक्त थोडी जागा रस्त्याला द्यायची. घ्यावं?

फुकट काही नसतं, पण ऐकायला हरकत नाही. ट्रस्टची जमीन विकणं, बदलून देणं, बक्षीस देणं, किंवा शेतीची नसलेली जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्यानं देणं यासाठी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 'आधी हॉल, मग परवानगी' हा क्रम बेकायदा. कॅथलिक असाल तर मालमत्ता हस्तांतरणाची चर्चची स्वतःची अटही आहे. चॅन्सरीला (धर्मप्रांताच्या कार्यालयाला) विचारल्याशिवाय शब्द देऊ नका. एफएसआय किंवा टीडीआर देण्याचा विषय असेल तरी हाच रस्ता धरा.

तुमचं बांधकाम आणि त्याचं बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे असू नये, हे माझं आणखी एक मत. भेग पडली तर तो स्वतःविरुद्ध अहवाल देणार नाही.

११. टॉवर उभा राहिला की आमच्या खिडक्यांना उजेड राहणार नाही. काही करता येतं?

खिडकीतून उजेड आणि वारा २० वर्षं अडथळ्याशिवाय येत असेल तर त्याच कलम १५ खाली हक्क तयार होतो. पण 'उजेड कमी झाला' एवढ्यावर दावा टिकत नाही. घट ठळक असावी लागते, वापराला खरोखर अडचण यावी लागते. रंगीत काचांच्या खिडकीमागे सकाळचं ऊन येणं बंद होणं हे आपल्याला दुःखाचं असलं तरी कोर्टात अवघड. व्यवहारात, नकाशा पास होण्याआधी बिल्डरच्या आर्किटेक्टशी बसलात तर इमारत थोडी सरकते, पोडियम (टॉवरखालचे रुंद मजले) खाली येतो. नंतर काही सरकत नाही.

१२. नवीन रहिवासी आले आणि घंटेची तक्रार सुरू झाली.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. लाऊडस्पीकरला परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो उघड्यावर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळेच मुंबईत मैदानावरची नाताळची मध्यरात्रीची मिस्सा कित्येक ठिकाणी संध्याकाळवर आली. विस्तार करताना नव्या भागाची दारं-खिडक्या टॉवरच्या बाजूला उघडणार नाहीत असं पाहा. पंधराव्या मजल्यावर आवाज कसा पोचतो याचा अंदाज जमिनीवर उभं राहून येत नाही. एकदा वर जाऊन ऐका, चहाही मिळतो.

१३. शेजारचा प्लॉट भर घालून उंच केला. आता पावसात पाणी आमच्या आवारात.

हा त्रास सगळीकडे वाढतोय. आधी रस्ता वर चढतो, मग नवी इमारत त्याहून वर, आणि जुनं चर्च वाटीच्या तळाशी राहतं. आधीच्या लेव्हल नोंदवलेल्या असतील (प्रश्न ५) तर भांडायला आधार आहे. शेजाऱ्यानं आपलं पाणी आपल्या हद्दीत गोळा करून पर्जन्यवाहिनीत सोडायला हवं. तसं नसेल तर ओसी मिळायच्या आत महापालिकेला लिहा, नंतर कोणी ऐकत नाही. तुमच्या विस्ताराची जोती जुन्या फरशीच्या पातळीला ठेवायची की वर, हा प्रश्न इथेच येतो. वर ठेवा आणि उतार द्या, पायरी नको. व्हीलचेअरवरची माणसं असतात आणि शवपेटीही असते.

१४. काम चालू असताना मिस्सा, लग्नं, अंत्यविधी कसे करायचे?

लग्नांची तारीख वर्षभर आधी बुक होते, म्हणून कामाचं वेळापत्रक ठरल्याबरोबर ऑफिसबाहेर लावा. ज्यांनी बुकिंग केलंय त्यांना स्वतः फोन करा. अंत्यविधीला तारीख नसते. गाडी मागेपुढे होईल एवढी वाट कायम मोकळी ठेवा, रेती तिथे उतरवू देऊ नका. बाहेर पडायच्या दोन वाटा कामाच्या काळातही उघड्या हव्यात.

धुळीसाठी महापालिकेची ऑक्टोबर २०२३ ची नियमावली हाताशी ठेवा. एक एकरपेक्षा लहान जागेला किमान २५ फूट आणि मोठ्या जागेला ३५ फूट उंच पत्रे, ओल्या कापडाचं आवरण, पाणी फवारणं, डेब्रिज झाकून नेणं. ती शेजाऱ्याला लागू आहे तशी तुम्हालाही. ऑर्गन किंवा कीबोर्ड झाकून ठेवा. आमचा झाकला नव्हता.

१५. आमचं चर्च हेरिटेज यादीत आहे. म्हणजे विस्तार विसराच का?

नाही. आधी श्रेणी पाहा: १, २-अ, २-ब, ३. प्रस्ताव वारसा संवर्धन समितीकडे जातो आणि श्रेणी जितकी वरची तितका हात आखडता. वाढवणं हे जुन्या चर्चांना नवं नाही. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये सुरू झालं, मनोरा १८३८ च्या सुमाराचा, वेदीकडचा भाग १८६० च्या दशकात वाढवलेला. त्याच्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. दुसरं टोक दादरचं पोर्तुगीज चर्च. मूळ १५९६ चं, आणि आज उभी आहे ती चार्ल्स कोरिया यांची १९७० च्या दशकातली काँक्रीटची वास्तू. दोन्ही रस्ते चर्चनेच निवडलेले आहेत. माझं मन पहिल्याकडे जातं, पण कोरियांच्या त्या घुमटांखाली बसल्यावर तसं ठामपणे म्हणवत नाही.

१६. जुन्या दगडी भिंतीला नवी आरसीसी कशी जोडायची?

शक्यतो जोडूच नका. नव्या भागाला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया द्या आणि मधे सांधा सोडा. नवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवणं ही सर्रास होणारी चूक. जुनी भिंत चुन्यातली असेल तर तिची दुरुस्ती चुन्यातच. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि दगडांमधला चुना भुसभुशीत होतो. कमान फोडून रुंद करायची असेल तर आधी वरचं वजन कुठून खाली येतंय हे कागदावर काढून दाखवणारा इंजिनिअर शोधा. 'होऊन जाईल' म्हणणारा नको.

१७. पैसे कमी पडतायत. कर्ज किंवा परदेशातल्या आपल्या माणसांकडून देणगी?

ट्रस्टसाठी कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तो नियम कलम ३६अ मध्ये आहे. परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असेल तरच, आणि तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच येऊ शकतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या आखातातल्या भावाबहिणींनी आपल्या बचतीतून दिलेला पैसा वेगळा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा वेगळा. घेण्याआधी सीएला विचारा. आणि बिल्डरची 'देणगी' घ्यायची असेल तर त्याच्याकडचे सगळे प्रश्न मिटल्यावर घ्या.

१८. विस्ताराच्या जागेत जुनी थडगी आहेत.

कुटुंबांना शोधा, नोटीस लावा, मिस्सेनंतर सलग काही रविवार जाहीर करा. अवशेष हलवायला धर्मप्रांताची आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाची परवानगी घ्या. शिलालेख भिंतीत नीट बसवता येतात. पण एखाद्या कुटुंबाचा ठाम नकार असेल तर नकाशा बदला. जागा त्यांच्या आजीची आहे.

१९. गावठाणातला खुरूस (उघड्यावरचा क्रूस) बिल्डरच्या प्लॉटच्या कोपऱ्यावर येतोय. तो आमच्या चर्चचा आहे का?

बहुधा चर्चचा नसतो; गावाचा किंवा एखाद्या घराण्याचा असतो. १८९६ च्या प्लेगात ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक) वस्त्यांनी उभारलेले खुरूस वांद्र्यापासून माझगावपर्यंत आहेत. खाजगी जमिनीवर असेल तर जमीनमालकाशी करार. खुरसाभोवती वाट आणि वर्षाच्या लिटनीचा (सामूहिक प्रार्थनेचा) हक्क लिहून घ्या. सार्वजनिक रस्त्यावर असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आणि त्यानंतरचं राज्याचं धोरण लागू होतं, आणि तिथे जुनेपणाचा पुरावा हाच आधार. दगडावरची तारीख, जुने फोटो, धर्मग्रामाची वही, सर्व्हेचा नकाशा जमवा. फोटो काढून ठेवा आणि पावसाळ्याआधी काढा. शेवाळ चढलं की अक्षरं वाचता येत नाहीत.

२०. आमची मंडळी लहान आहे. चाळीतल्या दोन खोल्या जोडून उपासना होते. चाळच पुनर्विकासाला गेली.

मग तुम्ही शेजारी नाही, भाडेकरू आहात, आणि प्रश्न वेगळा होतो. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते पाहा; पाळकांच्या वैयक्तिक नावावर असेल तर ते आधी सोडवा. पात्रता यादीत गाळ्याचा वापर काय लिहिलाय ते तपासा. 'निवासी' लिहिलं असेल आणि तुम्ही घराचंच क्षेत्र घेतलंत, तर नव्या इमारतीत उपासनेला हरकत घ्यायला सोसायटी मोकळी. करारात उपासनेचा वापर स्पष्ट हवा, आणि जागा तळमजल्यावर किंवा पहिल्यावर मागा. बाविसाव्या मजल्यावरच्या उपासनेला लिफ्टची रांग लागते. संक्रमणकाळातली पर्यायी जागा किंवा भाडंही करारातच.

२१. आम्ही वसईचे. यातलं काय लागू?

धर्मादाय, कॅनन, सुविधाधिकार, ध्वनी: सगळं. बांधकामाचे नियम मात्र मुंबईचे नाहीत; उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित नियमावली लागते. वसई किल्ल्याजवळ असाल तर आणखी एक: केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर परवानगीनं. ही मोजणी स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून होते, दरवाजापासून नव्हे. देवळाचा (आपल्याकडची म्हातारी माणसं अजून चर्चला देऊळच म्हणतात) मागचा कोपरा त्यात येतो का ते मोजून घ्या. आणि तुमच्याकडे बावखलं (गोड्या पाण्याची तळी) आहेत. शेजारच्या बिल्डरनं बावखल बुजवलं की आवारातल्या विहिरीचं पाणी पहिल्याच उन्हाळ्यात सांगतं. प्रश्न ५ मधली वही तुम्ही तर आजच उघडा.